लाकूड मागे ओढणारा थर्मोस्टॅट

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांत, वाड्यावस्त्यांवर रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या ताई, काकी आणि आजींना माझा रामराम. मी बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी बोलते ते कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं आणि मालाची विक्री यांबद्दल. आज बोलणार आहे आचेबद्दल. विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई आता वायरमनचं काम शिकवायला लागली की काय! तसं नाही. पण या आचेपायी आमच्या एका गटाचे पैसे गेले, आणि चूक माझी होती. तुमच्या गटाचे जाऊ नयेत म्हणून सांगते.

आधी चुलीपाशी जाऊ. भात करताना आपण काय करतो? आधण येईपर्यंत जाळ मोठा ठेवतो. तांदूळ वैरून उकळी फुटली की एक लाकूड मागे ओढतो. पाणी आटत आलं की भांडं निखाऱ्यावर ठेवतो. जाळ पूर्ण विझवायचा, भात गार झाला की पुन्हा पेटवायचा, पुन्हा विझवायचा, असं कुणी करतं का? केलं तर खाली करपेल आणि वर कच्चा राहील. आपल्या आईनं, सासूनं आपल्याला हेच शिकवलं, की आच लागेल तशी कमी-जास्त करायची.

आता विजेकडे या. गिझरमध्ये, इस्त्रीमध्ये, फ्रीजमध्ये एक छोटी वस्तू असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. ती तापमानावर लक्ष ठेवते. पाणी ठरवल्याइतकं तापलं की वीज तोडते, थोडं निवलं की पुन्हा जोडते. म्हणजे तिला दोनच गोष्टी येतात, जाळ पूर्ण पेटवणं आणि जाळ पूर्ण विझवणं. मधलं काही येत नाही. गिझरला तेवढं पुरतं. पाण्याचं तापमान पाच-दहा अंश इकडचं तिकडं झालं तर आंघोळीला काय फरक पडतो? आपण विसण घालतोच. म्हणून घरातल्या गिझरचा थर्मोस्टॅट बदलायला जाऊ नका, त्याची गरज नाही.

पण जिथं पाच-दहा अंशांनी माल बिघडतो, तिथं काय करायचं? आमचा प्रश्न तोच होता.

आमच्या भागात आलं भरपूर. भाव पडला की शेतकरी हवालदिल होतो. म्हणून आमच्या एका गटानं ठरवलं, आल्याचे काप वाळवून सुंठीसारखी पावडर करायची. विजेवर चालणारा ड्रायर घेतला. लोखंडी कपाट म्हणा ना. आत जाळीचे ट्रे, मागे तीन किलोवॅटचा हिटर आणि हवा फिरवायला पंखा. आलं साठ अंशांच्या आसपास वाळवायचं, त्याच्या वर फार गेलं तर वास उडतो आणि रंग काळपटतो, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. ड्रायरवर साधा थर्मोस्टॅट होता. काटा साठवर लावला आणि निर्धास्त झालो.

पहिल्या खेपेलाच कडेच्या ट्रेमधले काप तांबूस झाले. मग आत वेगळा थर्मामीटर ठेवून बघितलं, तर तापमान बावन्नपर्यंत उतरायचं आणि सत्तरपर्यंत चढायचं. काटा मात्र साठवरच!

असं का होतं? हिटर बंद झाला तरी तो लगेच गार होत नाही. तवा उतरवल्यावरही भाकरी भाजत राहते, तसंच. थर्मोस्टॅटला साठ अंश कळून तो वीज तोडतो, तरी तापलेला हिटर आणखी दहा अंश चढवून ठेवतो. मग निवताना तेच उलटं. शिवाय काप ओले असतात तेव्हा त्यातलं पाणी उडताना बरीचशी उष्णता खाऊन टाकतं. माल वाळत आला की तेवढी उष्णता लागत नाही. हिटर मात्र शेवटपर्यंत पूर्ण जोरानंच पेटणार. भात आटत आला तरी चुलीत तीन लाकडं, असा प्रकार.

मग आमच्या गटातल्या एका काकींनी जबाबदारी घेतली. त्या रात्री ड्रायरपाशीच गोधडी टाकून बसायच्या. तापमान चढलं की हिटरचं बटण बंद, उतरलं की चालू. वासावरूनच त्यांना कळायचं. माल चांगला निघायला लागला, पण काकींची झोप गेली. सकाळी पुन्हा रानात जायचं असायचं. मी एकदा म्हटलं, "काकी, असं किती दिवस चालणार?" त्या म्हणाल्या, "अगं, चुलीपुढं जन्म गेला, आता या कपाटापुढं." ते बोलणं माझ्या मनाला लागलं.

मैत्रिणींनो, हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वॉरेन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. तिकडे थंडीत शाळा तापवायला तळघरात भट्टी असे. शाळेचा शिपाई दर थोड्या वेळानं वर्गात येऊन थर्मामीटर बघायचा आणि खाली जाऊन भट्टीची हवा कमी-जास्त करायचा. त्या ये-जा करण्याला कंटाळून जॉन्सन यांनी १८८३ साली विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. वर्गातलं तापमान बदललं की तळघरात घंटी वाजायची. म्हणजे शिपायाचे हेलपाटे वाचले, पण घंटी ऐकून भट्टीला हात लावायला माणूस लागायचाच. आमच्याकडे ती घंटी आणि तो शिपाई, दोन्ही काकीच होत्या.

आता माझी चूक सांगते. मी मोबाईलवर बघितलं, की स्मार्ट थर्मोस्टॅट मिळतात. इंटरनेटला जोडायचे आणि घरबसल्या मोबाईलवरून तापमान लावायचं. मला वाटलं, हेच पाहिजे. मासिक बैठकीत मीच आग्रह धरला. गटाच्या पैशातून तो मागवला आणि एका ओळखीच्या मुलाकडून जोडून घेतला. काय सांगू, मोबाईलवर सुंदर रेघ दिसायची! पण ती रेघ कशी? एक डोंगर, एक दरी, पुन्हा डोंगर, पुन्हा दरी. सत्तर, बावन्न, सत्तर, बावन्न. थर्मोस्टॅट हुशार होता, पण त्याच्या हातात चालू आणि बंद एवढंच होतं. करपणारा माल करपतच राहिला. फरक इतकाच, की आता मला तो घरी बसून दिसत होता.

आणि चौथ्या रात्री जळका वास आला. नशीब की काकी तिथंच झोपल्या होत्या. त्यांनी उठून मेन स्विच पाडला. थर्मोस्टॅटची पेटी वितळली होती. नंतर बघितलं तर पेटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, १० अँपिअर. आमचा हिटर तीन हजार वॉटचा. तीन हजाराला २३० व्होल्टनं भागा, तेरा येतात. दहाच्या पेटीतून तेराचा प्रवाह रात्रभर. पाटी-पेन्सिल घेऊन करता येईल असा हा हिशेब. मी बीए झालेली बाई, पण मी तो केला नव्हता.

पुढच्या बैठकीत एकीनं विचारलंच, "ताई, तुम्ही म्हणाला होता ना, हा हुशार आहे म्हणून?" मी उत्तर दिलं, की चूक माझी आहे. ती इतिवृत्तात लिहायला लावली. हिशेबात जसं नुकसान लिहितो, तसं ते का झालं हेही लिहावं, म्हणजे नवीन अध्यक्ष आली तरी तीच चूक परत होत नाही.

त्याच आठवड्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती लग्नानंतर इंग्लंडला असते. आपल्याकडे बॉयलर म्हटलं की हळद शिजवायचा बॉयलर डोळ्यांपुढं येतो. तिकडे घरोघरी भिंतीवर गॅसचा छोटा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो आणि ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरून घर ऊबदार ठेवतं. मी तिला आमची फजिती सांगितली, तर ती हसायला लागली. म्हणाली, "आमच्याकडे पण असंच झालं!" त्यांनी स्मार्ट थर्मोस्टॅट घेतला होता, पण तो बॉयलरच्या साध्या चालू-बंदच्या टोकांना जोडला गेला. बॉयलर दर थोड्या वेळानं पेटायचा आणि विझायचा. खोली कधी गरम, कधी गार.

मग जाणकार माणसानं बघितलं. त्यांच्या बॉयलरला ज्योत कमी-जास्त करता येत होती, पण तसा निरोप घ्यायला आत वेगळी टोकं होती. तिकडे त्यासाठी ओपनथर्म नावाची एक ठरलेली भाषा आहे. दोन बारीक तारांवरून थर्मोस्टॅट बॉयलरला सांगतो, की पाणी पंचेचाळीस अंशच लागेल, ज्योत बारीक कर. पण बॉयलरला ती भाषा यायला हवी, थर्मोस्टॅटलाही यायला हवी आणि तारा त्याच टोकांना जोडायला हव्यात. तिन्हीतलं एक चुकलं, की पुन्हा नुसतं चालू-बंद. आणि ती नाजूक टोकं चुकून मोठ्या विजेला जोडली, तर बॉयलरमधलं सर्किट जळतं. गॅसचं काम तिकडे नोंदणी असलेल्या माणसानंच करायचं, असा कायदा आहे.

तिच्या घरी गॅसही वाचला. कारण इंग्लंडमध्ये २००५ पासून जे नवे बॉयलर बसवतात, ते धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरतात. पण त्यासाठी खोल्यांतून फिरून परत येणारं पाणी साधारण पंचावन्न अंशांच्या खाली असावं लागतं. ज्योत बारीक आणि पाणी कोमट राहिलं तरच ते जमतं.

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रश्न पेटी हुशार आहे की नाही, हा नव्हताच. आमच्या हिटरला लाकूड मागे ओढता येतं का, हा खरा प्रश्न होता.

मग आम्ही आयटीआय झालेल्या एका अनुभवी वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी जे बसवलं, ते तुम्हाला नीट समजेल असं सांगते.

पहिली वस्तू, कंट्रोलर. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी दिसतात. वरची म्हणजे आत्ता आत किती तापमान आहे, खालची म्हणजे आपल्याला किती पाहिजे. हा कंट्रोलर साठ अंश यायची वाट बघत नाही. पंचावन्न झाले की त्याला कळतं, आपण जवळ आलोय, आच कमी करायला हवी. त्याला पीआयडी कंट्रोलर म्हणतात, दुकानात याच नावानं मागायचा.

दुसरी वस्तू, एसएसआर. हा बिनआवाजाचा विजेचा स्विच. साधा स्विच टक-टक करतो आणि वारंवार चालू-बंद केला तर त्याची टोकं झिजतात. एसएसआर न झिजता सेकंदासेकंदाला चालू-बंद होऊ शकतो. समजा दहा सेकंदांतले तीन सेकंद हिटर चालू आणि सात सेकंद बंद ठेवला. हिटरला इतक्यात निवायला वेळच मिळत नाही. म्हणजे तीन हजार वॉटचा हिटर नऊशे वॉटच्या शेगडीसारखा चालतो. हेच लाकूड मागे ओढणं! तेरा अँपिअरला आम्ही दुपटीपेक्षा मोठा एसएसआर घेतला आणि तो तापू नये म्हणून त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावली.

तिसरी वस्तू, सेन्सर, म्हणजे तापमान बघणारा डोळा. आधी तो हिटरच्या अगदी जवळ होता. त्याला हिटरचं तापमान कळायचं, मालाचं नाही. दादांनी तो ट्रेंच्या मध्ये, फिरत्या हवेत आणला. भाताची परीक्षा चुलीतल्या निखाऱ्यावर नाही, शितावर करायची ना!

चौथी वस्तू सगळ्यांत महत्त्वाची. एसएसआर बिघडला तर बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो. मग हिटर थांबतच नाही आणि आग लागू शकते. म्हणून वेगळा साधा थर्मोस्टॅट ऐंशी अंशांवर लावून ठेवला. काहीही बिघडलं तरी तो हिटरची वीज तोडणार. म्हणजे आमचा पहिला थर्मोस्टॅट वाया गेला नाही, तो राखणदार झाला. पंखा बंद पडला तर हिटरही बंद व्हावा, अशी जोडणी करून घेतली. अर्थिंग तपासलं आणि गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा स्विच बसवला. ओल्या हातांनी काम करणाऱ्या बायकांना हा हवाच.

सगळं जोडल्यावर कंट्रोलरला ड्रायरची ओळख करून द्यावी लागते. त्याला ऑटोट्यून म्हणतात. ते रिकाम्या ड्रायरवर करू नका. नेहमीसारखे ओले काप भरून करा. रिकामं पातेलं आणि भरलेलं पातेलं सारखं तापतं का?

आता आमचं तापमान साठच्या आगेमागे एक-दोन अंशांत राहतं. काप उजळ निघतात. आणि काकी घरी झोपतात. पण त्यांचं काम संपलं असं नाही हं. वायरमनदादांनी विचारलं, तापमान किती लावू? तेव्हा काकींनीच सांगितलं, सुरुवातीला साठ आणि काप वाकायचे थांबून मोडायला लागले की पन्नास. ते यंत्राला कुठून कळणार? हळद शिजवतानाही फेस आला, तो वास सुटला की जुनी माणसं सांगतात, आता बास. जास्त शिजली तर रंग जातो. वाफेचे बॉयलर आले तरी ती पारख माणसाचीच राहिली. आम्ही काकींचे ते आकडे कागदावर लिहून ड्रायरच्या दारावर चिकटवले आहेत.

आता विजेच्या बिलाचं खरं सांगते. कुणी विकणारा म्हणाला, "ताई, हे लावा, बिल निम्मं होईल," तर विश्वास ठेवू नका. इंग्लंडच्या बॉयलरची गोष्ट वेगळी, तिथं वाया जाणारी वाफ वापरली जाते. आपल्या विजेच्या हिटरमध्ये एक युनिट जाळलं की एक युनिटचीच उष्णता मिळते, मग ती झटक्यानं द्या की हळूहळू. थोडी बचत होते, कारण माल उगाच सत्तर अंशांवर तापत नाही आणि गरजेपेक्षा जास्त वाळत नाही. पण खरा फायदा दोनच गोष्टींचा, माल फेकावा लागत नाही आणि बाईला रात्र जागावी लागत नाही.

आणखी एक. संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज पडतं. २३० चं १८० झालं की तीन हजार वॉटचा हिटर जेमतेम अठराशे वॉट देतो. कंट्रोलर हिटर जास्त वेळ चालू ठेवून ते भरून काढतो, पण पूर्ण वेळ चालू ठेवूनही पुरत नसेल तर त्याचा इलाज नाही. अशा वेळी ट्रे कमी भरा.

मैत्रिणींनो, २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदानाची सोय होती. त्यातून पुष्कळ गटांनी यंत्रं घेतली. कोणत्याही योजनेतून ड्रायर घेणार असाल तर पैसे देण्याआधी, कोटेशन हातात असतानाच पाच प्रश्न विचारा. वहीत लिहून घ्या.

एक, याची आच कमी-जास्त होते की नुसती चालू-बंद? दोन, हिटर किती वॉटचा आणि स्विच किती अँपिअरचा? भागाकार स्वतः करा. तीन, सेन्सर कुठं बसवलाय? चार, कंट्रोलर बिघडला तर वीज तोडणारा दुसरा राखणदार आहे का? पाच, लाइट जाऊन आली किंवा मोबाईलला रेंज नसली, तर लावलेलं तापमान तसंच राहतं का? मोबाईलवर दिसणं ही सोय आहे, यंत्र मात्र मोबाईलशिवाय चाललं पाहिजे.

आणि जोडणी स्वतः करू नका, ओळखीच्या पोराकडूनही नको. जाणकार वायरमनकडून करून घ्या. पण तो काम करत असताना शेजारी उभ्या राहा आणि विचारा. "तुम्हाला नाही कळायचं" असं कुणी म्हणालं तर सांगा, दादा, आच कमी-जास्त करणं आम्हाला लहानपणापासून येतं, तुमची पेटी ते कसं करते तेवढं सांगा.

पुढच्या मासिक बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा. ज्यांच्याकडे ड्रायर आहे, त्यांनी आत एक वेगळा थर्मामीटर ठेवून अर्ध्या-अर्ध्या तासाचं तापमान एक दिवस लिहून बघा. काटा काय म्हणतो आणि आत काय चाललंय, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

बरं, माझी वेळ संपत आली. चुलीवर काही ठेवून ऐकत बसला असाल तर आधी लाकूड मागे ओढा! पुन्हा भेटू. नमस्कार.